गाडी वाजतेय, पण कधी?

खानदेशातल्या कुठल्याही गॅरेजवर जा, गाडी स्टँडला लावणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "भाऊ, गाडी वाजी रायनी." चांगला मिस्त्री एवढं ऐकून पान्याला हात घालत नाही. तो विचारतो, "कधी?" सकाळच्या पहिल्या किकला, की दहा किलोमीटर चालल्यावर? स्लो रेसवर, की रेस सोडताना? चढाला, की उतारावर? क्लच दाबला की थांबतो का? इंजिनाचं अर्धं निदान या उत्तरांत होतं, झाकण न उघडता. आणि हीच उत्तरं बहुतेकांकडे नसतात, कारण आपण आवाजाकडे लक्ष देतो, त्याच्या वेळेकडे देत नाही.

दुसरी अडचण अशी की गॅरेजपर्यंत येईतो इंजिन तापलेलं असतं. जो आवाज फक्त थंड इंजिनाचा आहे, तो वाटेतच विरून जातो. मिस्त्री कान लावतो, काही ऐकू येत नाही, मग अंदाजानं टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट ठरवणारा स्क्रू) आवळतो. अशा वेळी गाडी रात्रभर गॅरेजवर ठेवावी आणि सकाळी पहिली किक मिस्त्रीलाच मारू द्यावी. तेवढं जमत नसेल तर घरी पहाटे सुरू करतानाचा आवाज फोनवर घ्यावा.

आवाजाचं वर्णन करायला मराठीसारखी भाषा नाही, असं मला मनापासून वाटतं. टकटक आणि ठकठक या दोन शब्दांत फक्त एका महाप्राणाचा फरक आहे, पण इंजिनात तो फरक शंभर रुपये आणि काही हजार रुपये यांतला आहे. हलका भाग हलक्या भागावर आपटतो तेव्हा कान "ट" ऐकतो : टॅपेट, रॉकर, सैल प्लग. जड भाग आपटतो तेव्हा "ठ" ऐकू येतो : पिस्टन, त्याला क्रँकशी (इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टशी) जोडणारा कनेक्टिंग रॉड, क्रँकच्या टोकावरचा सैल झालेला मॅग्नेट. साखळी खळखळते, बेअरिंग घरघरतं, गॅस फुसफुसतो. गाडीवाल्यानं तोंडातून आपोआप निघालेला शब्द बदलू नये. मिस्त्रीसमोर जरा शहाणं बोलायचं म्हणून "इंजिनात नॉइज आहे" म्हटलं की सगळी माहिती पुसली जाते.

सर्वांत आधी आवाज इंजिनाचा आहे का, हे ठरवायचं. गावाबाहेरच्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर ताशी चाळीसच्या वेगात क्लच पूर्ण दाबा आणि रेस सोडून द्या. इंजिन स्लो रेसवर येईल, गाडी मात्र पळत राहील. आवाज इंजिनाबरोबर खाली आला तर तो इंजिनाचा किंवा क्लचचा. चाकाच्या वेगाशी बांधलेला राहिला तर चेन, चाकाचं बेअरिंग, ब्रेक शू किंवा मीटरची केबल. एवढी साधी परीक्षा न केल्यामुळे चेन कव्हरला घासणाऱ्या चेनसाठी हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उघडलं गेल्याची उदाहरणं दर गॅरेजला मिळतील. चेनचा वरखाली खेळ मधोमध साधारण २५ ते ३० मिमी असावा आणि चाक फिरवत तीन-चार जागी मोजावा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एखादी कडी अडकत असेल तर तिला खडूनं खूण करा, खूण स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकावर) आली की "कट" होतो का ते बघा. चेन फार ओढली तर गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचं बेअरिंग घरघरायला लागतं, तेव्हा "घट्ट म्हणजे चांगली" हा समज सोडावा. लेग गार्ड, नंबर प्लेट, इंजिनाचे फाउंडेशन बोल्ट हेही एकदा हातानं दाबून बघावेत. एका ठरावीक रेसवरच येणारी आणि हात ठेवला की थांबणारी झणझण याच मंडळींची असते.

मग ऐकायचं कशानं? लांब पात्याचा स्क्रू ड्रायव्हर सर्वांना माहीत आहे : टोक इंजिनावर, मूठ कानाच्या पुढच्या हाडावर. हेड, सिलिंडर, क्लच कव्हर, मॅग्नेट कव्हर अशी टोकाची जागा बदलत जायचं आणि सर्वांत ठळक कुठे येतो ते शोधायचं. पण स्क्रू ड्रायव्हर फक्त धातूतून येणारा आवाज आणतो. गॅसची गळती त्यात सापडत नाही. तिच्यासाठी पोकळ नळी लागते, आणि ठिबकच्या या मुलखात तिची वानवा नाही. केळीच्या बांधावर पडलेल्या १६ मिमीच्या साध्या लॅटरलचा (ठिबकच्या नळीचा) मीटरभर तुकडा घ्या. ड्रिपर बसवलेली इनलाइन नळी नको, तिच्या भोकांतून बाहेरचा आवाज शिरतो. आतली माती धुऊन टाका, एक टोक कानाजवळ, दुसरं प्लगच्या बुडाशी आणि सायलेन्सरचा बेंड पाइप हेडला जोडला आहे तिथे फिरवा. बेंडाचं वॉशर फुटलं असेल तर जो आवाज सगळे टॅपेटचा समजत होते, तो "फट्-फट्" असा स्वच्छ कानात येतो. थंड इंजिनावर तो मोठा असतो, तापून सांधा फुगला की कमी होतो. सैल प्लगच्या बुडाशी काळं कडं दिसतं. सुरू इंजिनावर नळी किंवा ड्रायव्हर चेनजवळ नेऊ नका, बाह्या आणि उपरण्याचं टोक आवरून घ्या.

आता ताल. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारा कॅम एकदा फिरतो. १४०० आरपीएमच्या स्लो रेसवर क्रँक सेकंदाला साधारण २३ फेरे मारतो आणि कॅम १२. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर लांब तळवा धरला की प्रत्येक फायरिंगची थाप लागते. ती थाप आणि कॅम यांचा ताल एकच. एक टॅपेट सैल असेल तर एका थापेला एक टिक येते. दोन्ही सैल असतील तर दोन, पण असमान अंतरानं. थापेला बरोबर दोन, समान अंतरावर येणारा आवाज क्रँकच्या बाजूचा. हा नियम शेवटचा निकाल मात्र नव्हे. पिस्टन आणि रॉडचा ठोका फायरिंगच्या वेळीच जोरात बसतो, त्यामुळे तोही थापेला एकदाच आल्यासारखा वाटू शकतो. तिथे पुन्हा ट की ठ हेच बघायचं. ट्रॅक्टरच्या मिस्त्रीची युक्ती, म्हणजे एकेका इंजेक्टरचा पाइप सैल करून कुठला सिलिंडर ठोकतो ते शोधणं, एका सिलिंडरच्या मोटारसायकलला चालत नाही. तिथे फायरिंग थांबलं की इंजिनच थांबतं.

टॅपेटवर जरा थांबावं लागेल, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. शंभर सीसीच्या गाड्यांत व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यातली फट साधारण ०.०५ ते ०.१० मिमी असते. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतला घ्यावा. ही फट थंड इंजिनावर मोजायची असते, आणि होंडाच्या मॅन्युअलमध्ये थंड म्हणजे ३५ अंश सेल्सिअसच्या खाली असं लिहिलेलं असतं. आता मे महिन्यातलं जळगाव-भुसावळ आठवा. दुपारी सावलीतच ४४-४५ अंश. पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर उभी, एकदाही सुरू न केलेली गाडीसुद्धा त्या व्याख्येनं थंड नसते. म्हणून उन्हाळ्यात टॅपेट सेटिंग पहाटेच, रात्रभर गाडी बंद ठेवून. दुपारी तीनला चालवत आणलेल्या गाडीचे टॅपेट पंधरा मिनिटांत करून मिळत असतील तर ते करून घेऊ नयेत, असं मी स्पष्ट सांगेन.

काम असं. प्लग काढा म्हणजे क्रँक हलका फिरतो. हेडवरची दोन्ही टॅपेट झाकणं आणि मॅग्नेट कव्हरवरची दोन्ही बुचं काढा. मॅग्नेटचा नट इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनं फिरवत "टी"ची खूण खाचेसमोर आणा. आता दोन्ही रॉकर बोटांनी हलवून बघा. दोन्हींत किंचित खेळ असेल तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आहे. एखादा ताठ असेल तर आपण एक्झॉस्टच्या टोकाला आहोत, आणखी पूर्ण एक फेरा द्या. ही खात्री न करता केलेलं सेटिंग म्हणजे अंधारात मारलेला दगड. फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पत्त्यांचं) पान रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये सरकवा. कागद दाबून ओढताना लागतो तेवढाच अडसर जाणवला पाहिजे. अ‍ॅडजस्टर धरून लॉकनट आवळा आणि पुन्हा पान घालून बघा, कारण नट आवळताना अ‍ॅडजस्टर थोडा फिरतोच. बंद करताना झाकणाची ओरिंग कडक झालेली असेल तर बदला, दहा-वीस रुपयांसाठी हेड तेलानं माखू देऊ नका.

इतकं करूनही टिकटिक राहिली तर? तेव्हा टॅपेट "अजून थोडा" आवळायचा मोह होतो, आणि तो आवरायचा असतो. व्हॉल्व्हवर टेकणारं अ‍ॅडजस्टरचं टोक बघा. वर्षानुवर्षं एकाच जागी आपटून तिथे बारीक खळगा पडतो. फिलर गेजचं पान सपाट असतं, ते खळग्याच्या काठांवर टेकतं. पान ०.०८ दाखवतं, पण मधली खरी फट त्याहून जास्त असते. मोजमाप बरोबर, आवाज कायम, आणि कारण त्या खळग्यात. अंगठ्याचं नख फिरवलं की तो लागतो. इथे उपाय अ‍ॅडजस्टर बदलण्याचा आहे. बुलेटचं वेगळं. २०२३ पूर्वीच्या युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनाच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात) बुलेटमध्ये हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर फट आपोआप भरून काढणारे, टॅपेट असतात, त्यांना आवळायला काही नसतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर त्यांत ऑइल भरेपर्यंत ती टिकटिकते. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये.

आणि ही गोष्ट ज्यांना फक्त शांत इंजिन आवडतं त्यांच्यासाठी. सैल टॅपेट ओरडतो, घट्ट टॅपेट गप्प असतो. व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटवर टेकून हेडला देत असतो. फट उरली नाही तर तो पूर्ण टेकत नाही, उष्णता जायला वाट राहत नाही, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळायला लागते. शिवाय व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू बसत जातो तशी फट आपोआप कमी होते. म्हणजे काही गाड्या हजारो किलोमीटरनंतर स्वतःहूनच शांत होतात, मालक खूश होतो, आणि मग एके दिवशी गरम गाडी किकला दाद देत नाही. गाडी वाजत नाही हे तब्येतीचं प्रमाणपत्र धरू नये, फट मोजावी.

कॅम फिरवणाऱ्या आतल्या टायमिंग चेनचा आवाज तालात नसतो. सिलिंडरच्या चेनवाल्या बाजूला, स्लो रेसवर आणि विशेषतः रेस सोडताना तो खळखळतो, तिखट रेस दिली की दबतो. चेन ताणून धरणारा टेन्शनर अडकला आहे, स्प्रिंग मेली आहे, की गाइडचं रबर झिजलं आहे, हे क्रमानं बघावं. केवळ चेन बदलून रबर जुनंच ठेवलं तर काही महिन्यांत तोच आवाज परत येतो.

या सगळ्याच्या आधी खरं तर डिपस्टिक बघायला हवी. ऑइल पंपापासून हेड सर्वांत लांब, त्यामुळे ऑइल कमी पडलं की पहिली ओरड वरूनच येते. होंडा पद्धतीच्या इंजिनांत गाडी मधल्या स्टँडवर लावून इंजिन तीन ते पाच मिनिटं स्लो रेसवर चालवायचं, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि डिपस्टिक आटे न आवळता नुसती टेकवून बघायची. आटे आवळून बघितलं तर पातळी असते त्यापेक्षा जास्त दिसते. लिटरभरसुद्धा ऑइल न बसणाऱ्या इंजिनात दोनशे मिली कमी होणं ही मोठी घट आहे. आवाज दाबायला जाड ऑइल भरणं मला अजिबात मान्य नाही. कंपनीनं १०-डब्ल्यू-३० सांगितलं असेल आणि आपण २०-डब्ल्यू-५० भरलं, तर ठोका थोडा गुळगुळीत ऐकू येतो, पण जानेवारीच्या पहाटे, धुळ्यात पारा दहाच्या खाली असताना, ते हेडपर्यंत पोचायला उशीर करतं आणि कॅम तेवढा वेळ कोरडा फिरतो. थंड इंजिनाचा आवाज तापल्यावर विरतो, म्हणूनच जुनी गाडी विकत घेताना इंजिनाला हात लावून बघावा. आपण पोचायच्या आधीच ते तापवून ठेवलेलं असेल, तर सकाळी पुन्हा येतो म्हणावं.

थंडीतली ठकठक पिस्टनची असू शकते. ५० मिमी व्यासाचा अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर साधारण ०.१ मिमीनं फुगतो, लोखंडी लायनर (सिलिंडरची आतली भिंत) त्याच्या जवळपास निम्माच. म्हणून थंड असताना पिस्टन आणि बोअर (सिलिंडरची पोकळी) यांच्यातली फट मोठी असते, पिस्टन एका भिंतीवरून दुसरीवर आपटतो, आणि दोन-चार किलोमीटरमध्ये आवाज विरतो. एवढंच होत असेल, धूर नसेल, ऑइल कमी होत नसेल, तर गाडी चालवत राहायला हरकत नाही. गरम झाल्यावरही ठोका राहिला तर बोअर मोजून घ्यावं. आपल्याकडे बोअर लवकर जातं त्याचं कारण रस्त्यावर उडतं. काळ्या जमिनीतल्या गाडवाटेचा फुफाटा चैत्र-वैशाखात पिठासारखा बारीक होतो. एअर फिल्टर फाटला, नीट बसला नाही, किंवा "पिकअप वाढते" म्हणून काढूनच टाकला, तर तो फुफाटा ऑइलमध्ये मिसळून बोअरला पॉलिश पेपरसारखा घासतो. तेलकट कागदी फिल्टर हवा मारून साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, वाळवून, ऑइलचा हात फिरवून बसवावा.

चढाची किणकिण ही वेगळी जात. लळिंग घाट किंवा चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा घाट, मागे दुधाच्या कॅन किंवा चाऱ्याचा भारा, गाडी चौथ्यात, रेस पूर्ण, आणि इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. कुठलाही भाग सैल नसतानाही हा आवाज येतो. पेट्रोलचं मिश्रण ठिणगीच्या ज्वाळेची वाट न पाहता स्वतःच पेटतं आणि दाबाची लाट पिस्टनच्या माथ्यावर आदळते. पहिला उपाय डाव्या पायात आहे : गिअर खाली घ्या, रेस कमी करा. तरी येत असेल तर हेडवरचा कार्बन, इंजिनात मिश्रण नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या फुटक्या ओरिंगमधून शिरणारी जादा हवा, पुढे गेलेलं टायमिंग, आणि आपल्या भागात खास बघायची गोष्ट म्हणजे फिन्स, इंजिनाला वाऱ्यानं थंड करणाऱ्या बाहेरच्या पट्ट्या. पावसाळ्यात शेतात जाणाऱ्या गाडीच्या फिन्समध्ये काळी माती भरते, वाळते, विटेसारखी होते. पुढे तसंच इंजिन उन्हाळ्यात चालतं आणि वारा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. पोळा झाला की बांबूच्या काडीनं फिन्स मोकळ्या कराव्यात, थंड इंजिनावर.

क्लचचा प्रश्न क्लचच सोडवतो. न्यूट्रलमधली घरघर क्लच दाबताच थांबली तर गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टचं बेअरिंग बघा, कारण क्लच दाबला की तो शाफ्ट फिरायचा थांबतो. खडखड कमी-जास्त झाली तर क्लच हाउसिंगच्या डॅम्पर स्प्रिंगा सैल असतील. दाबल्यावरच नवा आवाज आला तर क्लच सोडवणारं छोटं बेअरिंग.

उरला खरा ठकठक. रेस वाढवली की वाढणारा, भार पडला की जड होणारा, गरम झाल्यावर जास्त होणारा. हा रॉडच्या क्रँकवर बसणाऱ्या मोठ्या टोकाचा असण्याची शक्यता दाट, पण आधी मॅग्नेटचा नट तपासा. तो सैल झाला किंवा मॅग्नेटला शाफ्टवर धरून ठेवणारी बारीक चावी कापली गेली तर अगदी असाच ठोका येतो, आणि त्यासाठी क्रँक खोलणं हा अन्याय आहे. नट घट्ट असेल तर प्लग काढून पिस्टन स्ट्रोकच्या मध्यावर आणा, प्लगच्या भोकातून प्लास्टिकची लांब स्ट्रॉ पिस्टनवर टेकवा (लोखंडी तार नको, तुटली किंवा ओरखडली तर नवं दुखणं) आणि मॅग्नेटचा नट अगदी थोडा मागे-पुढे करा. नट हलतो, "टक्" लागतं, स्ट्रॉ मात्र हलत नाही, असा रिकामा खेळ मिळाला तर गजन पिन (पिस्टनला रॉडशी जोडणारी) किंवा मोठं टोक गेलं. हेड-सिलिंडर उतरवल्यावर रॉड वरखाली ओढून बघा. आडवा थोडा खेळ असतोच, तो असायलाच हवा. उभा खेळ मात्र जाणवेल एवढाही चालत नाही.

गरम ऑइल पांढऱ्या ताटलीत काढा आणि उन्हात तिरपं धरा. तळाशी चमक दिसली तर जुन्या स्पीकरचं चुंबक कागदात गुंडाळून फिरवा. चिकटणारी चमक पोलादाची : रॉड, बेअरिंग, गिअर. न चिकटणारी रुपेरी अ‍ॅल्युमिनियमची : पिस्टन, हेड. तांबूस असेल तर एखादा बुश. पोलादाच्या पाकळ्या निघाल्या तर ती गाडी पुन्हा सुरू करू नये, छोटा हत्ती करून न्यावी. दोन किलोमीटर "हळूहळू" नेताना तुकडा पंपात गेला की काम कितीतरी वाढतं.

रॉड किट बसवायला क्रँक प्रेसवर उघडतात आणि परत दाबतात. दाबल्यानंतर दोन्ही बाजू एका रेषेत आहेत का हे डायल गेजनं बघावं लागतं. लेथवाल्याजवळ उभं राहून काटा स्वतः बघावा, तो एका मिलिमीटरच्या काही शतांशांपेक्षा जास्त हलायला नको. नुसतं हातोडीनं ठोकून डोळ्यानं सरळ केलेला क्रँक नव्या रॉडलाही खाऊन टाकतो. बसवण्याआधी ऑइलची जाळी, तेलाच्या वाटा आणि ज्या इंजिनात क्लचच्या बाजूला क्रँकच्या टोकावर फिरता ऑइल फिल्टर असतो तिथला चिकट काळा थर खरवडून धुवावा. जुन्या बेअरिंगचा चुरा त्या थरातच बसलेला असतो. पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरला काढावं, पुन्हा त्याच पांढऱ्या ताटलीत.